घराजवळची हिरवळ

सकाळी नऊच्या सुमारास नाशिकच्या द्वारका चौकात उभे राहणारा मनुष्य क्षणभर भांबावून जातो. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि नाशिकहून पुण्याकडे निघणारा महामार्ग यांची गाठ याच चौकात पडते. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे. तो २०१३ साली रहदारीस खुला झाला, तरी खालची वर्दळ ओसरली नाही. मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा, दुचाक्या यांची एकमेकींना मागे टाकण्याची धडपड चाललेली असते. भोंग्यांच्या गोंगाटात शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. पाठीशी दप्तरे घेतलेली मुले मोठ्यांचा हात धरून रस्ता ओलांडतात आणि पलीकडे पोहोचताच सुटकेचा निःश्वास टाकतात.

या चौकापासून काठे गल्लीच्या किंवा टाकळी रस्त्याच्या बाजूस आत वळले म्हणजे दाट वस्ती लागते. जुन्या बैठ्या घरांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. अंगण गेले, परसातील पेरूचे झाड गेले आणि तुळस गच्चीवरच्या कुंडीत जाऊन बसली. शहरातील अशा दाट वस्त्यांत मधूनच एखादी मोकळी जागा दिसते. तिच्या कडेने कडुनिंबाची वा करंजाची चार झाडे असतात, मध्ये थोडी हिरवळ असते, एखादा बाक असतो. गर्दीतून आलेला मनुष्य तेथे नकळत थबकतो. त्याची पावले मंदावतात आणि कपाळावरच्या आठ्या सैल होतात.

एवढ्याशा त्या जागेत असे काय असते? ती वस्तीची केवळ शोभा आहे, की तिच्यावाचून माणसाचे खरोखर काही अडते? वैद्य, नगररचनाकार आणि मानसशास्त्रज्ञ यांनी गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा कसून विचार केला आहे. त्यातून निघालेले उत्तर शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, जाणून घ्यावे असे आहे.

वास्तविक, नाशिककरांना वृक्षांचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. या नगरीची ओळखच वृक्षांनी करून दिलेली आहे. पंचवटी म्हणजे पाच वडांचा समूह. गोदावरी आणि कपिला यांच्या संगमाजवळचे तपोवन तर नावानेच वन आहे. मोगल अमदानीत या शहरास ‘गुलशनाबाद’, म्हणजे फुलबागांचे शहर, असे म्हणत. पेशव्यांच्या काळात ‘नाशिक’ हे जुने नाव पुन्हा रूढ झाले.

द्वारकेच्या परिसरातून टाकळी रस्त्याने पुढे गेले असता आगर टाकळी लागते. नंदिनी नदी, जिला लोक नासर्डी म्हणतात, ती येथे गोदावरीस मिळते. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, १६२० सालच्या सुमारास, जांब गावचा बारा वर्षांचा एक मुलगा या संगमावर येऊन राहिला. त्याचे नाव नारायण. पुढे सारा महाराष्ट्र त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. टाकळीस त्यांनी बारा वर्षे काढली. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालावेत, नदीच्या पाण्यात उभे राहून जप करावा, असा त्यांचा नित्यक्रम असल्याचे परंपरा सांगते. शरीर कमावणे आणि मन स्थिर करणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच ठिकाणी, नदीकाठच्या मोकळ्या हवेत केली. पुढे त्यांनी गावोगावी मारुतीची मंदिरे स्थापन केली आणि लोकांना बलोपासनेचा उपदेश केला.

आज त्या काठापर्यंत शहर पसरले आहे. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार भरली. एवढ्या लोकांनी व्यायामासाठी किंवा मनःशांतीसाठी रोज रानात जावे, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा रानाचा एखादा तुकडा माणसाच्या घराजवळ आणावा लागतो. सार्वजनिक उद्यानामागची मूळ कल्पना हीच आहे. इंग्लंडमध्ये गिरण्यांच्या धुराने शहरे काळवंडली, तेव्हा लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड या गावाने सार्वजनिक पैशातून सर्वांसाठी उद्यान उभारले व ते १८४७ साली खुले केले. तोवर मोठ्या बागा बहुधा राजांच्या व सरदारांच्या असत.

आपल्याकडेही या गोष्टीची नियमांत तरतूद आहे. महाराष्ट्रात २०२० साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जागेवर वसाहत वसवावयाची असल्यास सामान्यतः त्यातील दहा टक्के जागा रहिवाशांच्या खेळासाठी व विरंगुळ्यासाठी मोकळी ठेवावी लागते. लोक तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. दहा घरांच्या जागेत एका घराची जागा झाडांना आणि मुलांना, असा हा सरळ हिशेब आहे.

अशा जागेचा पहिला लाभ शरीरास होतो. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी किमान साठ मिनिटे अंग घामेजेल असे खेळावे, धावावे वा श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसांसाठी आठवड्यास किमान दीडशे मिनिटांची मर्यादा तिने घालून दिली आहे. हा उपदेश ऐकावयास सोपा आहे. परंतु तो पाळावा कोठे? दोन खोल्यांच्या घरात उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरचे लोक रागावतात. गल्लीत चेंडू टाकला तर तो मोटारीखाली जातो. रस्त्यावर धावावे, तर जिवाचे भय. मुलगा खेळत नाही म्हणून आईबाप त्यास आळशी म्हणतात. पण पुष्कळदा दोष मुलाचा नसून जागेचा असतो.

नाशिकमध्ये पहाटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्यास लोक गोल्फ क्लबचे मैदान म्हणतात, फिरावयास येणाऱ्यांची रीघ लागते. गंगापूर रस्त्यावर, गोदाकाठी, पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानातही माणसे आवर्जून जातात. परंतु ज्याच्या घरापासून मैदान चार किलोमीटर दूर आहे, तो रविवारी एकदा जातो. ज्याच्या घरापासून ते चार मिनिटांवर आहे, तो रोज जातो. व्यायाम हा नित्यनेमाने करावयाचा असतो, म्हणून जागेच्या आकाराइतकेच तिच्या जवळिकीस महत्त्व आहे. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची आपली जुनी चाल आहे. शंभर पावले चालण्यासाठी कोणी रिक्षा करून दूरच्या बागेत जात नाही. ती घराच्या दाराशीच घालावी लागते.

जवळची बाग दिवसभर निरनिराळ्या माणसांच्या उपयोगी पडते. पहाटे वृद्ध मंडळी फेऱ्या मारतात. मुले शाळेत गेल्यावर घरकाम आटोपून स्त्रिया घटकाभर बसतात. दुपारी उन्हातून आलेला फेरीवाला झाडाखाली भाकरी सोडतो. संध्याकाळी मुलांचे राज्य सुरू होते. लगोरी, खो-खो, आट्यापाट्या यांना थोडी मोकळी जमीन पुरते. पण सूरपारंब्यांसाठी मात्र झाडच लागते. वस्तीतले शेवटचे मोठे झाड तुटले, की सावलीबरोबर हा खेळही जातो. पुढच्या पिढीस त्याचे केवळ नाव पुस्तकात सापडते.

शरीराचा लाभ डोळ्यांना दिसतो. मनाचा लाभ दिसत नाही, म्हणून तो समजावून घ्यावा लागतो. वाचताना, गणित सोडवताना, रहदारीतून वाट काढताना आपण लक्ष प्रयत्नपूर्वक एका ठिकाणी धरून ठेवतो. ताणलेली मूठ जशी काही वेळाने दुखू लागते, तसे हे ताणून धरलेले लक्षही थकते. मग चुका होतात, चिडचिड होते, लहानशा कारणाने डोळ्यांत पाणी येते. झाडाची हलणारी पाने, उडणारे फुलपाखरू, फांदीवरची खार यांच्याकडे मात्र लक्ष आपोआप जाते. त्यासाठी जोर लावावा लागत नाही. त्या अवधीत थकलेली मूठ उघडते आणि मनास विसावा मिळतो. रॅचेल व स्टीफन कॅपलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हा विचार विस्ताराने मांडला आहे.

विचार कितीही पटला, तरी विज्ञान पुरावा मागते. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत सारखे असे तेवीस रुग्ण एका बाजूचे आणि तेवीस दुसऱ्या बाजूचे घेऊन त्यांनी तुलना केली. झाडांकडे खिडकी असलेले रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस अगोदर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना बागेत जावयाचे नव्हते. झाड केवळ डोळ्यांना दिसत होते, एवढाच काय तो फरक.

यानंतर मोठमोठ्या पाहण्या झाल्या. डेन्मार्कमध्ये १९८५ ते २००३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. लहानपणी त्यांच्या घराभोवती किती हिरवाई होती, हे उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांवरून ठरविले. सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका सर्वाधिक हिरवाईत वाढलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळला. कुटुंबाची मिळकत, आईवडिलांचे आजार यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकून राहिला. हा अभ्यास २०१९ सालचा आहे. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले, की आठवड्यातून एकंदर दोन तास निसर्गाच्या सान्निध्यात घालविणारे लोक आपली प्रकृती व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. हे दोन तास एका दमात घालविले काय आणि थोडे थोडे करून घालविले काय, दोन्ही सारखेच.

येथे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात एक शंका येईल. झाडांमुळे माणसे निरोगी झाली, की मुळातच निरोगी व सुखवस्तू असलेली माणसे झाडे असलेल्या भागात राहावयास गेली? शंका योग्य आहे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. पण कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही.

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एक प्रयोग झाला. तेथे मोडकळीस आलेल्या वस्त्यांत कचऱ्याने भरलेले कित्येक पडीक भूखंड होते. त्यांपैकी ५४१ भूखंड घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील भूखंड साफ करून तेथे हिरवळ व थोडी झाडे लावली आणि बुटके लाकडी कुंपण घातले. दुसऱ्या गटातील भूखंडांवरचा कचरा तेवढा काढला. तिसऱ्या गटास हातही लावला नाही. लोक घर सोडून कोठे गेले नाहीत. फक्त त्यांच्या घराजवळची जागा बदलली. हिरव्या झालेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत मन खिन्न असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, हात न लावलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेने, सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. अतिशय गरीब वस्त्यांत तर ही घट ६८ टक्के होती. नुसता कचरा काढलेल्या ठिकाणी मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. स्वच्छता हवीच, पण मनास उभारी आणण्याचे काम हिरवाईने केले, असे या प्रयोगावरून म्हणता येते.

झाडे हे कार्य करतात तरी कसे? काही कारणे अगदी साधी आहेत. मोठे झाड मुळांनी जमिनीतील पाणी ओढून पानांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. माठाच्या अंगावरून पाणी झिरपून आतले पाणी गार व्हावे, तशी त्यामुळे झाडाभोवतालची हवा गार राहते. दाट सावलीमुळे जमीन तापत नाही. रस्त्यावरची थोडी धूळ पानांवर बसते व पुढच्या पावसात धुऊन जाते. झाडांची एखादी ओळ महामार्गाचा आवाज फारसा अडवू शकत नाही. परंतु पानांची सळसळ आणि पक्ष्यांचे कूजन कानास दुसरे काही ऐकावयास देतात. यांहूनही मोठे कारण माणसांशी निगडित आहे. बागेत रोज भेटणारी माणसे हळूहळू ओळखीची होतात. एखादे आजोबा चार दिवस फिरावयास आले नाहीत, तर कोणी तरी चौकशीस जाते. एकटेपणा हा मनाचा मोठा शत्रू आहे, आणि बाकावरच्या गप्पा हा त्यावरचा जुना उपाय आहे.

याचा अर्थ असा नव्हे, की बाग ही सर्व रोगांवरची मात्रा आहे. ज्याचे मन फार दिवस उदास आहे, ज्याला झोप येत नाही, कशातच रस वाटत नाही, त्याने घरच्या वडील माणसांस वा शिक्षकांस ते सांगावे व डॉक्टरांची मदत घ्यावी. ताप आल्यास औषध घेण्यात जशी लाज नाही, तशी मनाच्या दुखण्यावर उपचार घेण्यातही नाही. बाग ही आहारासारखी आहे. ती प्रकृती राखते, पण औषधाची जागा घेत नाही.

या विषयास न्यायाचीही एक बाजू आहे. ज्याच्याकडे बंगला आहे, त्यास स्वतःची बाग असते. ज्याच्याकडे मोटार आहे, तो सुटीच्या दिवशी डोंगराकडे जातो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्यास वस्तीतील मोकळ्या जागेचाच आधार असतो. आणि नेमक्या दाट व गरीब वस्त्यांतच अशा जागा थोड्या असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की हिरवाई अधिक असलेल्या भागांत श्रीमंत व गरीब यांच्या मृत्युमानातील अंतर कमी असते. म्हणून बाग कोठे करावी, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ती ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांच्या दाराशी आधी पोहोचली पाहिजे. तिचे फाटक वेळेवर उघडले पाहिजे, तेथे दिवे लागले पाहिजेत, मुलींना निर्धास्तपणे खेळता आले पाहिजे आणि काठी टेकीत येणाऱ्या आजीस पायरीची अडचण होता कामा नये.

जागा मिळाली म्हणजे काम संपले, असेही नाही. मोकळी जागा दोन मार्गांनी नाहीशी होते. एक तर तिच्यावर बांधकाम होते, किंवा ती ओसाड पडते. प्रथम कोणी तरी तेथे घर पाडल्याचा राडारोडा आणून टाकतो. त्यावर दुसरा कचऱ्याची पिशवी फेकतो. झोपाळ्याची साखळी तुटते, ती कोणी जोडीत नाही. मुले जाणे सोडतात, मग वृद्ध सोडतात. अखेर लोकच म्हणू लागतात, ‘या जागेचा उपयोग तरी काय?’ हा प्रश्न ज्या दिवशी विचारला जातो, त्या दिवशी ती जागा अर्धी गेलेली असते. याउलट जेथे रोज माणसांचा वावर आहे, तेथे राडारोडा टाकण्यास कोणी सहसा धजत नाही. बाग राखण्याचा उत्तम उपाय म्हणजे तिचा नित्य उपयोग करणे.

कायदाही वृक्षांच्या पाठीशी आहे. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ साली अधिनियम झाला. त्यानुसार परवानगीवाचून शहरातील झाड तोडता येत नाही. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. परंतु कायद्यास डोळे नसतात. त्यास नागरिकांचे डोळे लागतात, आणि मुलांचे डोळे फार तीक्ष्ण असतात.

मुलांना करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. आपल्या वस्तीतील मोकळ्या जागा कोणत्या, त्यांत झाडे किती व कोणती, याची नोंद एका वहीत करावी. त्या ठिकाणी कोण कोण येते आणि कोण येऊ शकत नाही, हे पाहावे. दिवा बंद असेल, झोपाळा मोडला असेल, तर वडील माणसांच्या साहाय्याने महानगरपालिकेस नीटनेटके पत्र लिहावे. मराठी पत्रलेखनाचा याहून चांगला सराव दुसरा नाही. पावसाळ्यात रोप लावण्याचा समारंभ सर्वत्र होतो; परंतु रोपाची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात असते. पहिले दोन-तीन उन्हाळे त्यास पाणी मिळाले, तर पुढे ते आपल्या मुळांवर उभे राहते. दहा रोपे लावून विसरण्यापेक्षा एक रोप लावून तीन वर्षे जगविणे अधिक मोलाचे आहे. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा ही आपल्या मातीतील झाडे त्यासाठी चांगली.

आता पुन्हा त्या वर्दळीच्या चौकाकडे वळू. संध्याकाळ झालेली असते. महामार्गावरचे दिवे लागतात, भोंगे वाजतच राहतात. तेथून थोड्या अंतरावर टाकळीच्या संगमाशी बारा वर्षांचा एक मुलगा चारशे वर्षांपूर्वी उघड्या आकाशाखाली सूर्यनमस्कार घालीत होता. आजच्या बारा वर्षांच्या मुलामुलींनाही तसेच शरीर आहे आणि तसेच मन आहे. त्यांना नदीकाठचे रान कोणी परत देऊ शकणार नाही. परंतु घरापासून पाच मिनिटांवर चार झाडे, थोडी हिरवळ आणि धावण्यापुरती मोकळी जमीन देता येते. ती देणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. मिळालेली राखणे हे सर्वांचेच. आज लावलेल्या वडास पारंब्या फुटावयास बरीच वर्षे लागतील. तोवर आजची मुले मोठी झालेली असतील आणि त्या पारंब्यांना त्यांची मुले लोंबकळतील.